नवव्या खाचेची गोष्ट

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला, की आमच्या बुलडाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, दोनच प्रश्न ऐकू येतात. पहिला, 'तुमच्याकडे किती पडला?' आणि दुसरा, 'पेरायचे का?' खामगावच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मात्र त्या दिवसांत तिसराच प्रश्न फोनवरून येत असतो : 'मिस्त्री, सोयाबीनला खाच कितवी लावू?'

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रॅक्टरमागे जोडायच्या पेरणी यंत्रावर बियाण्याची एक पेटी असते. पेटीच्या तळाशी खाचांचे रोलर फिरतात आणि नळ्यांतून बी फणापाशी, म्हणजे जमिनीत पडते. एकरी किती बी पडावे, हे एका दांड्यावर ठरते. दांडा पुढच्या खाचेत सरकवला की बी जास्त, मागच्या खाचेत ओढला की कमी. मूग, उडीद, तूर, हरभरा, सोयाबीन, प्रत्येकाची खाच निराळी. बी दाट पडले तर महागाचे बियाणे वाया जाते आणि रोपांची आपसात मारामारी होते. विरळ पडले तर शेतात तण माजते. आणि पेरणी काही पुन:पुन्हा करायची गोष्ट नव्हे. दुबार पेरणी या दोन शब्दांत काय दडलेले असते, ते विदर्भातल्या कुठल्याही घरात विचारावे.

मिस्त्री हे त्या वर्कशॉपचे मालक. वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने केलेली यंत्रे मेहकर, लोणारपासून जळगाव जामोदपर्यंत शेतांत चालतात. २०२३ च्या जून महिन्यात मी असाच त्यांच्याकडे गेलो होतो, तर फोन खणखणत होता आणि मिस्त्री कानाला तो घट्ट दाबून मोठ्याने म्हणत होते, "हरभरा? आता काहून हरभरा पेरता?" पलीकडचा माणूस सोयाबीन म्हणत होता. फोन ठेवून ते माझ्याकडे पाहून ओशाळे हसले. "साहेब, यंदा कान दगा देऊन राह्यले."

मी म्हटले, "मिस्त्री, हा तक्ता तर आपल्या वेबसाइटवर आहे ना? लोकांना तिथे पाहायला का सांगत नाही?"

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांच्या सूनबाई हिशेबाच्या वहीतून मान वर करून म्हणाल्या, "काका, तुम्ही स्वत: शेवटची कधी पाहिली ती?"

मी खिशातून फोन काढला आणि पाहू लागलो. सूनबाईंनी चहा टाकला, तो उकळला, गाळून कपात आला. माझ्या फोनवर अजून पांढरेच दिसत होते.

*

इथे माझा संबंध सांगायला हवा. १९९३ मध्ये मी खामगावच्या शाखेत कर्ज विभागात होतो. मिस्त्री तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये तिफणी आणि वखराच्या पासा दुरुस्त करत. त्यांना लेथ मशीन घ्यायचे होते. तारण म्हणाल तर काही नव्हते. पण मी तपासणीला गेलो तेव्हा त्यांनी एक वही पुढे केली. कुणाचे काय दुरुस्त केले, किती दिवस टिकले, पुन्हा कशाने मोडले, याच्या तारीखवार नोंदी. असा हिशेब ठेवणारा माणूस पैसे बुडवत नाही, एवढ्या भरवशावर मी शिफारस केली. कर्ज मुदतीच्या आधी फिटले आणि आमची ओळख मात्र फिटली नाही.

२००९ मध्ये एका कृषी प्रदर्शनात कुणीतरी मिस्त्रींच्या मुलाला पटवले, की कंपनी म्हटली म्हणजे वेबसाइट हवीच. शहरातल्या एका तरुणाने ती करून दिली. तिच्यावरचा मराठी मजकूर कुणी लिहिला? अर्थात मी! तोवर माझ्या दोन कादंबऱ्या निघालेल्या होत्या आणि हाताला खाज होती. 'काळ्या आईच्या कुशीत सृजनाचे स्वप्न पेरणाऱ्या बळीराजाच्या सेवेशी' असा त्याचा आरंभ होता. उघडताक्षणी पडद्यावरून एक ट्रॅक्टर डावीकडून उजवीकडे धावत जाई, सनई वाजे, आणि खाली 'आपण अमुक क्रमांकाचे पाहुणे आहात' असा आकडा फिरे. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले होते.

चौदा वर्षांनी त्या घराची काय अवस्था झाली होती ते ऐका. ट्रॅक्टर धावायचा तो 'फ्लॅश' नावाच्या तंत्राच्या जोरावर. त्याच्या निर्मात्यांनीच २०२० च्या डिसेंबरअखेर ते बंद केले. तेव्हापासून ट्रॅक्टरच्या जागी एक करडा चौकोन उरला होता. यंत्रांची छायाचित्रे कॅमेऱ्यातून निघाली तशीच, तीन-तीन एमबीची चढवलेली. पडद्यावर ती दिसत पोस्टाच्या तिकिटाएवढी, पण उतरवून घेताना पूर्ण वजनाची. मागचे सॉफ्टवेअर कुणी वर्षानुवर्षे अद्ययावत केले नव्हते, त्यामुळे कुणीतरी त्यात शिरून परदेशी औषधांच्या जाहिराती डकवून ठेवल्या होत्या. २०१८ पासून ब्राउझर अशा कुलूप नसलेल्या जागेवर 'सुरक्षित नाही' अशी पाटी लावतात, तीही होती. आणि माझ्या त्या काळ्या आईच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा झाला होता.

थोडे गणित करू. ते पहिले पान सहा एमबीचे होते. चांगल्या नेटवर त्याचे काही वाटत नाही. पण बांधावर, ढगाळ हवेत, एखादी दांडी दिसत असताना फोनला सेकंदाला शंभर किलोबिट मिळाले तर तेच पान यायला आठ मिनिटे लागतात. ट्रॅक्टर भाड्याचा असतो, तासावर पैसे मोजायचे असतात आणि पश्चिमेला आभाळ भरून येत असते. आठ मिनिटे कोण थांबणार? तो मिस्त्रींनाच फोन लावणार, आणि मिस्त्रींना सोयाबीनचा हरभरा ऐकू येणार.

*

मिस्त्रींची नात शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून पुण्याला नोकरीला लागली आहे. २०२४ च्या मे महिन्यात ती रजेवर आली होती. अक्षय्य तृतीया नुकतीच झालेली, भेंडवळच्या घटमांडणीत पावसाचे काय भाकीत निघाले याची चर्चा ओट्याओट्यावर चाललेली. ती म्हणाली, "काका, पेरणीच्या आत आपण वेबसाइट पहिल्यापासून करू. यंत्राचं मी पाहते, मजकुराचं तुम्ही पाहा. साइट स्टॅटिक करायची."

"स्टॅटिक म्हणजे?" मी विचारले.

"स्थिर."

मिस्त्रींनी बरोबर तेवढेच ऐकले. "स्थिर मंजे बंद पडेल काय वो?"

तिने मला जे समजावले, ते मला माझ्या शाखेच्या भाषेत कळले, म्हणून तसेच सांगतो. आमच्या शाखेत ठेवींच्या व्याजदरांची एक काळी पाटी होती. मुख्य कार्यालयाचे परिपत्रक आले, की शिपाई ओल्या फडक्याने जुने आकडे पुसायचा आणि मी खडूने नवे लिहायचो. मग दिवसभर दोनशे माणसे येत आणि पाटी वाचून जात. कुणाला कुणाची वाट पाहावी लागत नसे. आता कल्पना करा, की पाटीच नाही. प्रत्येक माणूस खिडकीशी येऊन दर विचारतो. कारकून उठतो, कपाट उघडतो, परिपत्रकांची फाइल काढतो, पान शोधतो, दर कागदावर उतरवतो, सुबक चौकट आखतो आणि तो कागद माणसाच्या हाती देतो. पुढचा माणूस तोच प्रश्न विचारतो आणि कारकून पुन्हा कपाटाकडे जातो!

मिस्त्रींची जुनी वेबसाइट अशा कारकुनासारखी चालत होती. अकरा यंत्रे आणि एक तक्ता, वर्षातून एखाद्या वेळी बदलणारा. पण कुणीही पान मागितले, की लांबच्या संगणकातला एक प्रोग्राम जागा व्हायचा, माहितीच्या कोठारात शिरायचा, तुकडे गोळा करायचा, पान जुळवायचा आणि पाठवायचा. शिवाय कपाट असले की कुलूप आले, आणि कुलूप आले की ते फोडणाराही आला. त्या औषधांच्या जाहिराती तिथूनच शिरल्या होत्या.

स्थिर वेबसाइटमध्ये पान आधीच तयार करून ठेवतात. मजकूर साध्या फायलींत लिहायचा, पानाचा सांगाडा वेगळ्या फायलीत ठेवायचा आणि मग एका प्रोग्रामला आज्ञा द्यायची. तो सगळी पाने एकदम जुळवून देतो. 'जेकिल' हा असा प्रोग्राम २००८ मध्ये आला, 'ह्यूगो' २०१३ मध्ये. असे पुष्कळ आहेत आणि बहुतेक फुकट आहेत. तयार पानांच्या प्रती गावोगावच्या संगणकांत ठेवता येतात, म्हणजे मागणाऱ्याला जवळची प्रत मिळते. मागे कोठार नाही, म्हणून शिरायला वाट थोडी.

गंमत अशी, की ही काही नवी युक्ती नव्हे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत १९९१ मध्ये जगातली पहिली वेबसाइट लोकांपुढे ठेवली. ती अशीच होती : आधी लिहून ठेवलेली साधी पाने, त्यात मजकूर आणि दुसऱ्या पानांकडे नेणारे दुवे. 'सर्न'ने २०१३ मध्ये ती पुन्हा जुन्या पत्त्यावर उभी केली आहे. माझ्या फोनवर ती पापणी लवायच्या आत उघडली. तीस वर्षांपूर्वीचे पान आजच्या फोनवर सुखाने चालते आणि आमचा २००९ चा सनई वाजवणारा ट्रॅक्टर भंगारात जातो, यावर मी त्या रात्री बराच वेळ विचार करत होतो.

सगळ्याच वेबसाइटी अशा करता येतील असे मात्र नाही. माझ्या बँकेची करता येणार नाही. तुमच्या खात्यातली शिल्लक माझ्या खात्यातल्या शिलकीहून वेगळी आहे आणि ती तासातासाला बदलते. तिथे कारकुनाला कपाट उघडावेच लागेल. सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे असेल तिथे पाटी बरी.

*

काम सुरू झाले आणि पहिली अडचण निघाली ती वेबसाइटच्या नावाची. पत्त्याचे ते नाव मिस्त्रींच्या फर्मच्या नावावर नव्हतेच. ज्याने २००९ मध्ये वेबसाइट केली, त्याने ते स्वत:च्या नावावर नोंदवले होते आणि दरवर्षी नूतनीकरणाचे म्हणून मूळ खर्चाच्या कित्येक पट पैसे घेतले होते. मी मिस्त्रींना म्हटले, "घर तुमचं, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे." एवढ्यावर त्यांना सगळे कळले. ते लालबुंद झाले. त्यांच्या आयुष्यात सातबारा या शब्दाइतका गंभीर शब्द नाही. तीन आठवडे पत्रे, फोन आणि विनवण्या करून ते नाव सुटले. ज्यांचा छोटा-मोठा व्यवसाय आहे त्यांनी हा लेख वाचून एवढे एकच केले तरी पुरे : तुमच्या वेबसाइटचे नाव कुणाच्या नावावर आहे, ते आज विचारा.

दुसरी अडचण मजकुराची. जुन्या मराठी फाँटची कथा आमच्या पिढीने सोसलेली आहे. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर इंग्रजीच असायचा. फाँट नावाचा मुखवटा त्या अक्षरांवर बसवला, की डोळ्यांना देवनागरी दिसायची. मुखवटा ज्याच्याकडे नाही त्याला चिवडा. त्या काळी मराठी वर्तमानपत्रे इंटरनेटवर वाचायची तर आधी त्यांचा फाँट उतरवून घ्यावा लागे, हे पुष्कळांना आठवत असेल. युनिकोडने प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वत:चा क्रमांक दिला आणि हा खेळ संपला. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि तीत देवनागरी होती. पण आपल्या टेबलांपर्यंत पोचायला तिला पुष्कळ वर्षे लागली.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारे प्रोग्राम आहेत, पण ते ऱ्हस्व वेलांटीपाशी अडखळतात. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करत, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. त्यामुळे 'किलो'मधली वेलांटी सुटून भलत्याच अक्षराला चिकटते. रफाराचेही तसेच. आणि मुखवट्याखालचा मजकूर कुठल्याच शोधयंत्राला मराठी म्हणून ओळखू येत नाही. चौदा वर्षे कुणी 'सोयाबीन पेरणी खाच' असे शोधले असते तरी आमचे पान त्याला सापडले नसते. आम्ही दुकान थाटले होते, पण पाटी भिंतीकडे तोंड करून लावली होती.

तिसरी अडचण मी स्वत:. नातीने मला विचारले, "काका, शेतकरी हे पान कशासाठी उघडेल?" मी म्हटले, खाच पाहायला, सुटा भाग मिळेल का ते पाहायला, आणि फोन नंबरसाठी. "मग काळी आई कुठे ठेवू?" मी निमूटपणे काळी आई खोडली. सृजनाचे स्वप्न खोडले. बळीराजा खोडला. कादंबरीकाराला आपलाच मजकूर खोडताना काय होते ते सांगून समजायचे नाही. पण खोडता खोडता जाणवले, की पंधरा वर्षांपूर्वी मी ते शेतकऱ्यासाठी लिहिलेच नव्हते. पेढे खाणाऱ्या आमच्या चौघांसाठी लिहिले होते. शेवटी पानावर उरले ते असे : सर्वांत वर फोन नंबर, त्याखाली पिकांचा आणि खाचांचा तक्ता, त्याखाली अकरा यंत्रांची लहान केलेली छायाचित्रे आणि सुट्या भागांची यादी. सगळे मिळून शंभर केबीच्या आत.

*

आता खरे काम राहिले होते ते तक्त्याचे. तो मिस्त्रींच्या वहीत होता, पण गेल्या पंधरा वर्षांत रोलर बदलले, चाके बदलली. जुने आकडे नुसते उतरवून चालणार नव्हते. म्हणून एके सकाळी आम्ही वर्कशॉपसमोर ताडपत्री अंथरली आणि यंत्र विटांवर उचलून ठेवले.

ही पद्धत अगदी साधी आहे. आमचे यंत्र पाच फणांचे, दोन फणांत ४५ सेंटिमीटर अंतर. म्हणजे एका वेळी सव्वादोन मीटर रुंदीचा पट्टा पेरला जातो. चाकाचा घेर एक मीटर साठ सेंटिमीटर. चाक पन्नास वेळा फिरवले, की यंत्र ८० मीटर चालल्यासारखे होते आणि १८० चौरस मीटर पेरल्यासारखे. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. सोयाबीनचे बियाणे एकरी ३० किलो धरले, तर पन्नास फेऱ्यांत ताडपत्रीवर १ किलो ३३० ग्रॅमच्या आसपास बी पडले पाहिजे. मुलगा चाक फिरवत होता, मी मोजत होतो, सूनबाई वजन करत होत्या, नात लिहून घेत होती. आठव्या खाचेवर बाराशे ग्रॅमही भरले नाही. नवव्या खाचेवर १ किलो ३४० ग्रॅम. मिस्त्रींनी मान हलवली. शेतात चाक थोडे घसरते, तो फरक त्यांच्या मते यातच जिरतो.

सोबत दोन सूचना टाकायच्या ठरल्या, ज्या कृषी खाते दरवर्षी सांगते आणि घाईत आपण विसरतो. घरचे बियाणे असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहा, सत्तरच्या खाली उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवा. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पान तयार झाले. बुलडाण्याला परतताना बोथ्याच्या जंगलाआधी, जिथे फोनची दांडी एकवर येते, तिथे मी गाडी थांबवून ते उघडले. ते आले, आणि चटकन आले. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून एकटाच हसलो.

*

हा लेख इथे संपला असता तर मला बरे वाटले असते. पण बँकेत चौतीस वर्षे काढलेला माणूस अर्धा ताळेबंद मांडत नाही.

पान लागल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सूनबाईंचा फोन आला. लोणारकडच्या एका शेतकऱ्याने विचारले होते, "पहिल्या खाचेवर बी पडूनच नाही राह्यलं, यंत्र बिघडलं काय?" त्यांनी तक्ता उघडून पाहिला. सोयाबीन : खाच १.

नातीने लिहून घेतलेला कागद मीच अंतिम फायलीत उतरवला होता. तिच्या हातचा ९ मी १ वाचला. देवनागरीत हे दोन आकडे घाईच्या लिखाणात जुळ्या भावांसारखे दिसतात, आणि बँकेत या जोडीने मला अनेक रात्री जागवले होते. तरीही. बँकेचा पहिला नियम असा, की नोंद करणारा एक आणि तपासणारा दुसरा. मी उतरवले आणि मीच तपासले. पन्नास फेऱ्या मोजल्या, ग्रॅमपर्यंत वजन केले, आणि शेवटच्या पायरीवर दुसऱ्या माणसाचे डोळे घेतले नाहीत.

त्या शेतकऱ्याचे नशीब, किंवा खरे म्हणजे त्याचे शहाणपण. बांधापासून बांधापर्यंत दोन फेऱ्या झाल्यावर त्याने उतरून पेटीत हात घातला होता. पेटी भरलेलीच. त्याने तिथेच यंत्र थांबवले. तेवढे दोन पट्टे त्याला पुन्हा पेरावे लागले. पण ज्याने हात घातला नसेल त्याचे काय?

नातीने पुण्याहून दहा मिनिटांत आकडा सुधारला आणि नवे पान चढवले. तरी त्या शेतकऱ्याच्या फोनवर १ च दिसत होता, कारण फोन एकदा उघडलेल्या पानाची प्रत काही काळ जवळ ठेवतो. त्याला पान ताजे करायला सांगितले, तेव्हा ९ आला. त्याहून कठीण गोष्ट पुढे कळली. आमचा तक्ता चटकन उघडतो म्हणून लोकांना आवडला होता, आणि कुणीतरी त्याचे चित्र घेऊन व्हॉट्सअॅपवर पाठवले होते. ते चित्र गावोगाव फिरत होते. त्यातला १ आता कुणालाच पुसता येणार नव्हता. जुने पान आठ मिनिटे घेत होते, तेव्हा चूक असती तरी फार लांब गेली नसती. चांगला रस्ता पाहुण्याला जसा लवकर आणतो तसा चोरालाही.

नात म्हणाली, "काका, आकडा बरोबर झालाय. आता गुपचूप राहिलं तरी चालेल." मी म्हटले, "नाही. बँकेत खोडरबर चालत नाही." खातेवहीत चूक झाली तर जुना आकडा वाचता येईल असा तांबड्या शाईने आडवा छेदायचा, वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. चूक लपवणे ही चुकीपेक्षा मोठी चूक. म्हणून तक्त्याच्या डोक्यावर तांबड्या अक्षरांत ओळ आली : 'दुरुस्ती. या तक्त्यात आधी सोयाबीनची खाच १ अशी चुकीची छापली होती. बरोबर खाच ९ आहे. जुने चित्र फोनमध्ये असेल तर पुसून टाका.' खाली तारीख. त्या पानाचे नवे चित्र आम्ही त्याच वाटांनी पाठवले, ज्या वाटांनी जुने गेले होते. मिस्त्रींचा मुलगा दोन दिवस वहीतली नावे काढून गिऱ्हाइकांना फोन लावत बसला. १९९३ मध्ये मी जिच्यावर कर्ज दिले, तीच वही अशी पुन्हा कामाला आली.

त्या तांबड्या ओळीने फर्मची अब्रू जाईल असे मला वाटले होते. तसे काही झाले नाही. लोणारच्या त्या शेतकऱ्याने हंगाम संपल्यावर सुटे भाग मागवले आणि म्हणाला, "चूक झाली तं तुमी लिहून टाकली, हे बरं केलं."

नातीने मला नंतर दाखवले, की त्या फायलींत प्रत्येक बदलाची आपोआप नोंद राहते : कुणी, कोणत्या दिवशी, कोणती ओळ बदलली, आधी काय होते. माझा १ तिथे माझ्या नावासकट कायमचा बसला आहे. आता नियम असा झाला आहे, की तक्त्यातला कुठलाही आकडा सूनबाईंनी वहीशी ताडून पाहिल्याशिवाय चढत नाही. माझ्यापेक्षा त्यांची नजर तिखट आहे. वेबसाइट राखायचा खर्च आता वर्षाला त्या नावाच्या शुल्काएवढाच, हजार-बाराशे रुपये.

२०२५ च्या जूनमध्ये पुन्हा गेलो. पाऊस नुकताच पडून गेला होता. वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा वास होता, दोन यंत्रे दुरुस्तीला आलेली होती, आणि टेबलावर फोन गप्प पडला होता. मिस्त्री त्याच्याकडे पाहत बसले होते.

"काय मिस्त्री, यंदा आराम ना?"

"कायचा आराम," ते म्हणाले. "सगळे त्या पानातच पाहून राह्यले. मले कोणी इचारत नाई."

मी काय बोलणार? सूनबाईंनी चहा आणून ठेवला. एवढ्यात फोन वाजला. मिस्त्रींनी तो झडप घालून उचलला, घट्ट कानाला दाबला आणि मोठ्याने म्हणाले, "हां, बोला. खाच नववी! नववी! आन् दोन फेऱ्या झाल्या की पेटीत हात घालून पाहा."